माळेखालचा पोचा

गौरीहरापुढं बसलेल्या नवरीनं जागचं उठायचं नसतं. मी उठले, कारण खाली अण्णा अनवाणी धावत होते.

कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला, नवरीची खोली होती. पाटावर तांदळाची रास, राशीवर पितळेची गौर, माझ्या ओंजळीत तांदूळ. चिमटीनं थोडे थोडे गौरीला वाहत राहायचं आणि मामा न्यायला येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असं आत्यानं बजावलं होतं. मग खाली कसलातरी गलका झाला आणि खोलीतल्या सगळ्या बायका बघायला म्हणून जिना उतरून गेल्या. मी एकटी उरले. खिडकीतून अण्णांचा आवाज आला तशी ओंजळ तशीच धरून खिडकीशी गेले.

वैशाखातलं ऊन, मागच्या अंगणातली फरशी तापलेली, आणि माझे वडील पायांत काही न घालता पळत होते. त्यांच्या पुढं बापूसाहेब जगदाळे ताडताड चालले होते. बापू म्हणजे हेमंतचे थोरले चुलते. ज्याच्याशी माझं लग्न लागायचं होतं, तो हेमंत. त्याचे वडील लवकर गेलेले, त्यामुळं जगदाळ्यांच्या घरात शेवटचा शब्द बापूंचा. त्यातून ते साखर कारखान्याचे माजी संचालक.

"बापूसाहेब, एवढं ऐका माझं."

"काय ऐकायचं, भोईटे? सगळ्यांना गुलाबी फेटे आणि मला केशरी? तोच बँडवाल्यांना बांधलाय. मी काय सनई वाजवायला आलोय?"

"कापड कमी पडलं. तुम्ही आंघोळीला गेला होता, म्हणून मागं राहिलं."

"म्हणजे मी आंघोळ केली ही माझी चूक?"

अण्णांनी हात जोडले. ते वीज मंडळात वायरमन होते. उभ्या तालुक्यात त्यांना मान होता आणि एरवी ते कुणापुढं फारसे वाकत नसत. त्या दिवशी सकाळपासून मात्र ते हात जोडूनच फिरत होते. बापू जीपमध्ये बसले, दार आपटलं, जीप चालू केली. अण्णा क्षणभर उभे राहिले, मग मान खाली घालून, पाय उचलत उचलत सावलीत आले आणि आत गेले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. म्हणून पुढचं त्यांना दिसलं नाही.

पुढचं असं झालं. बापूंनी रागाच्या भरात जीप एकदम मागं घेतली. मागं लिंबाखाली डॉक्टर मुथांची नवी पांढरी गाडी उभी होती, माझ्या पाठवणीसाठी सजवलेली. जीपच्या मागच्या लोखंडी हुकानं तिच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाराला धडक दिली. पुढच्या अंगणात बँड वाजत होता. कुणाला काही ऐकू आलं नाही.

बापू खाली उतरले. दाराजवळ वाकले. तळव्यानं पत्रा चाचपला. इकडंतिकडं पाहिलं, वर मात्र पाहिलं नाही. फुलवाल्यानं गाडीच्या टपावरून दोन्ही अंगांना झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. बापूंनी त्यातली एक धरली, मागं ओढली आणि पोच्यावर आणून ठेवली. दोन पावलं मागं सरून बघितलं. पुन्हा पुढं होऊन थोडी सारखी केली. मग जीप होती तिथंच लावली आणि कपाळावरचा घाम पुसत कार्यालयात शिरले.

मी येऊन पाटावर बसले. थोड्याच वेळात बायका परत आल्या, सगळ्या एकदम बोलत.

"परतले गं बाई परतले!"

"आपणहून परतले. केशरी फेटासुद्धा बांधून घेतला. म्हणाले, पुतण्याचं लग्न आहे, मी काय लहान आहे का रुसायला?"

"अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवमाणूस म्हणाले."

"मनानं मोठी माणसं ती. आपलं नशीब."

मी गौरीला तांदूळ वाहत होते. गौरीहराला बोलायचं नसतं हे त्या घटकेला बरंच वाटलं, कारण तोंड उघडलं असतं तर मला हसू आवरलं नसतं. आपल्यावरचा बापूंचा रुसवा गेला, एवढं पुरे. दाराचं नंतर बघता येईल, असं मला वाटलं. नंतर बघता येणार नव्हतं, हे आत्या आली तेव्हा कळलं.

आत्या म्हणजे अण्णांची बहीण. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं. ती स्वतः विधवा, एकुलता एक मुलगा विलास. दारातूनच रडत आली आणि माझ्या शेजारी खाली बसली.

"डाक्टरच्या गाडीला पोचा पडलाय गं. माळ सारखी कराया गेला विलास, तर खाली ह्यो एवढा पोचा. समदी म्हणत्यात त्यानंच येताना कुटंतरी घासली आन् वर माळ सोडून झाकली. माझ्या लेकरानं न्हाई गं केलं. शपथ घालतोय बिचारा. कोण ऐकतंय?"

विलासचं प्रकरण असं होतं. तो माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. दुधाचा टेम्पो चालवायचा. डेअरी बंद पडली आणि तो घरी बसला. डॉक्टर मुथांनी गाडी घेतली, पण त्यांना चालवता येत नव्हती. अण्णांनी शब्द टाकला: माझा भाचा ठेवून बघा, मी जामीन. डॉक्टर सावध माणूस. ते म्हणाले, लग्नासाठी गाडी न्या, विलासलाच चालवू द्या. नीट परत आली तर पहिल्या तारखेपासून कामावर. डॉक्टर स्वतः मुहूर्ताला येणार होते. म्हणजे आपण गाडी परत करण्याआधीच ते ती बघणार होते.

मी आत्याला एवढंच म्हटलं, "अण्णांना वर पाठव. एकट्यांना."

अण्णा आले. चेहऱ्यावर अजून समाधान होतं.

"काय गं? बोलायचं नसतं ना आत्ता?"

"अण्णा, दार बापूंनी ठोकलं. जीप मागं घेताना. या खिडकीतून बघितलं मी. माळसुद्धा त्यांनीच ओढली."

अण्णांनी पहिल्यांदा खोलीचं दार लावलं. मग खिडकीतून खाली पाहिलं. गाडी दिसत होती.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग आता कुणाला बोलू नकोस."

"आणि विलास?"

"डॉक्टरांना मी सांगतो. माझ्या हातून झालं म्हणतो."

"तुम्हाला गाडी कुठं चालवता येते?"

"शिडी लागली म्हणतो."

"लग्नात शिडी कशाला आणली होती?"

अण्णांना खोटं बोलता येत नसे. त्यासाठी लागणारी तयारीच त्यांच्याजवळ नव्हती.

"शैला," ते म्हणाले, "आपण मुलीकडचे. कसाबसा परत आलाय तो माणूस. आता हे काढलं तर वऱ्हाड घेऊन निघून जाईल. विलासचं मी बघीन दुसरीकडं कुठंतरी."

"दुसरीकडं कुठं?"

"बघीन म्हटलं ना." ते दार उघडून थांबले. "तुला उद्यापासून त्या घरात राहायचंय. मला नाही."

हे खरं होतं. मी ते बरोबर मोजून पाहिलं. एका बाजूला मला राहायचं ते घर, दुसऱ्या बाजूला आत्या. जिनं माझ्या वेण्या घातल्या, तिचा मुलगा माझ्या लग्नात खोटारडा आणि बेजबाबदार ठरत होता, आणि मला खरं माहीत होतं. गप्प बसून त्या घरात गेले असते तर रोज सकाळी बापूंना चहा देताना मला ती माळ दिसली असती. पण अण्णांची भीतीही खोटी नव्हती. चारचौघांत बोलले असते तर बापूंना मागं फिरायला वाट उरली नसती. म्हणजे बोलायचं तर होतं, पण त्यांच्याशीच.

आत्याला पुन्हा बोलावलं.

"बापूसाहेबांना सांग, नवरी गौरीहराला बसलीय, तिला मुहूर्ताआधी घरातल्या वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद हवाय. पहिल्यांदा त्यांचा."

"आत्ता? आन् माझं लेकरू तिकडं..."

"त्याच्यासाठीच. जा तू."

मान मिळतोय म्हटल्यावर बापू लगेच आले. केशरी फेटा त्यांना खरं तर गुलाबीपेक्षा जास्त शोभत होता. आत्या दाराबाहेर थांबली. मी पाटावरून न उठता, तांदूळ हातात ठेवूनच त्यांना वाकून नमस्कार केला.

"सुखी राहा, पोरी. सोन्यासारखा संसार कर."

"बापू, एक बोलायचं होतं."

"बोल की. काय हवं ते माग."

"फेट्याची चूक आमची. तुम्ही घरातले मोठे, तुमचा फेटा पहिल्यांदा बांधायला हवा होता. अण्णांच्या वतीनं मी माफी मागते."

"अगं, ते गेलं. मी कुठं मनात ठेवलंय?"

"दाराची चूक तुमची."

बापूंचा हात फेट्याकडं गेला होता, तो तिथंच राहिला.

"कुठलं दार?"

"डॉक्टरांच्या गाडीचं. डावीकडचं, मागचं. आधी तुम्ही हात फिरवून बघितलात. मग माळ ओढलीत. मग लांबून बघून पुन्हा सारखी केलीत."

त्यांनी खिडकीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी गौरीकडं बघत होते.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि अण्णांना. ते बोलणार नाहीत. त्यांनी मलाही गप्प बसायला सांगितलंय."

"मग शहाणा माणूस आहे तुझा बाप. त्याचं ऐक. गाडीचं काय ते मी उद्या गुपचूप करून देतो. विषय संपला."

"गाडीचं होईल हो. विलासचं काय? पहिल्या तारखेला त्याला कामावर घेणार होते. खाली सगळे त्याला नावं ठेवतायत आणि तुम्ही तिथंच बसून सरबत घेताय."

"जपून बोल. अजून उंबरा ओलांडला नाहीस आमचा."

"म्हणूनच आत्ता बोलते. थोड्या वेळानं मी तुमच्या घरची होईन. मग हे मी पहिल्यांदा हेमंतला सांगायला हवं, सासूबाईंना सांगायला हवं. घरातल्यांपासून लपवायचं मला जमणार नाही. आत्ता फक्त तुम्हाला सांगितलंय. डॉक्टर यायच्या आधी तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलंत तर मोठेपणा तुमचा. मी सांगितलं तर चहाडी माझी."

"आणि मी आत्ता जीप काढून निघून गेलो तर? कोण लावतंय लग्न बघतो मी."

तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते. पण आवाज नीट आला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

"जा," मी म्हटलं. "फक्त या वेळी जीप मागं घेताना बघून घ्या."

खाली बँडवाल्यांनी एक गाणं संपवलं आणि दुसरं धरलं.

"फार बोलतेस," असं म्हणून ते निघून गेले.

आत्या आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"काय करून बसलीस गं बाय माझे?"

मला ठाऊक नव्हतं. मी उरलेले तांदूळ गौरीला वाहिले.

मामा न्यायला आला. मांडवात गर्दी होती. अंतरपाटाच्या अलीकडं मी, पलीकडं हेमंत. त्याच्या बोटांत हार, आणि नखाला हळद लागलेली, एवढंच दिसत होतं. मान वर न करता जेवढं दिसतं तेवढं मी बघून घेतलं. मुलाकडच्या रांगेत सगळे गुलाबी फेटे होते. केशरी नव्हता.

पहिलं मंगलाष्टक संपता संपता मागच्या अंगणात जीप चालू झाल्याचा आवाज आला. तो मी ओळखला. अण्णांनीही ओळखला, ते माझ्या उजव्या हाताला उभे होते आणि त्यांच्या तोंडून नुसता श्वास सुटला. जीपचा आवाज फाटकापर्यंत गेला आणि रस्त्यावर विरून गेला.

मुलाकडच्या बाजूला कुजबूज सुरू झाली. "बापू कुठं गेले?" "अहो आत्ता तर होते." "परत काय झालं?" भटजींनी आवाज चढवला. अक्षता पडत होत्या. अंतरपाटापलीकडून हेमंतनं हळूच विचारलं, "बापूंना कुणी काही बोललं का?"

"मी बोलले," मी म्हटलं.

"काय?"

"नंतर सांगते."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण हार तसाच वर धरलेला होता, खाली आला नव्हता, हे मी पाहिलं.

अंतरपाट दूर झाला. हार घातले गेले, टाळ्या झाल्या, बँड वाजला. अण्णा हसत होते आणि त्यांचा रंग उतरला होता. सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या, बापूंना बोलावणं कुणी पाठवलं का. मी हेमंतच्या शेजारी उभी होते आणि आता सगळं सांगायची वेळ आली असं मनात ठरवत होते. तेवढ्यात फाटकातून जीप आत आली.

ती विलास चालवत होता.

त्याच्या शेजारी बापू बसले होते आणि मागच्या सीटवर डॉक्टर मुथा, गुडघ्यांवर आहेराचं पाकीट धरून. विलासनं जीप मांडवाच्या कडेला अलगद आणून उभी केली. आधी बापू उतरले, मग त्यांनी डॉक्टरांना हात दिला. मग मोठ्यानं हाक मारली.

"भोईटे! इकडं या."

अण्णा हात जोडूनच पळत गेले. बापूंनी ते जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"ते आता पुरे. गाडीच्या दाराला पोचा माझ्या जीपनं पडलाय. मी रागात होतो, मागं बघितलं नाही. वर माळ मीच टाकली. या विलासचा काही संबंध नाही. डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यात जाऊन सांगून आलोय."

जगदाळ्यांपैकी कुणीतरी पुढं येऊन म्हणालं, "असू द्या हो बापू. तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"मला विचारलं," बापू म्हणाले. स्टेजकडं त्यांनी पाहिलं नाही.

डॉक्टर मुथा मोजकं बोलणारे. ते विलासकडं वळले. "आपल्या गावातले खड्डे मला चांगले माहीत आहेत. मणक्याचे निम्मे पेशंट त्यांच्यामुळं येतात. आज मला ते जाणवले नाहीत. पहिल्या तारखेला सकाळी ये." मग त्यांनी आपल्या गाडीचा पोचा बघितला, जीभ टाळूला लावून एक आवाज केला आणि जेवायला कुठं बसायचं ते विचारलं.

आत्या पदर तोंडाला लावून खांबाला टेकली होती. हेमंत माझ्याकडं वळला.

"हे नंतर सांगणार होतीस?"

"हो."

"बापूंना तू विचारलंस? बापूंना?" तो हसायला लागला, आणि फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. आमच्या लग्नातला तोच एक फोटो बघण्यासारखा आला आहे.

बापू पुढं पुष्कळ वर्षं जगले. त्यांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. इतरांना मात्र ते सांगत. त्या गोष्टीत ते आपणहून डॉक्टरांकडं जातात, आणि वरच्या मजल्यावरची खिडकी तिच्यात नसते. मी त्यांची ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही, कारण एका अर्थानं ते आपणहूनच गेले होते. मी फक्त त्यांना आशीर्वादासाठी वर बोलावलं होतं. विलासला जीप चालवायला देण्याची युक्ती तर पूर्णपणे त्यांची. ती मला सुचली नसती. गेल्या साली ते गेले. त्यांच्या दहाव्याला विलास मुथांच्या दवाखान्यातून रजा घेऊन आला होता.

त्या दिवशी दुपारी पाठवणी झाली. डॉक्टरांनी माळ पुन्हा पोच्यावर सरकवू दिली नाही; म्हणाले, आता काय झाकायचंय. सासूबाई गाडीजवळ उभ्या होत्या. अशा वेळी मुलीचा बाप पुढं होतो, मुलगी पदरात घेतलीत, लहान आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणतो आणि रडतो. सगळे ते ऐकायला थांबले होते. सासूबाईंनी "काळजी करू नका" हे म्हणायची तयारीही केलेली दिसत होती. अण्णा पुढं आले. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ताठ उभे राहिले.

"ताई, मुलगी दिली," ते म्हणाले. "तिच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. काही सांगायचं असलं तर ती सांगेल."